राख कुणाची, धूर कुणाचा: कृष्णाकाठच्या एका गावातलं हवेचं आणि आरोग्याचं मूल्यमापन

सांगली जिल्ह्याच्या पश्चिम भागातल्या एका गावात घडलेलं हे प्रकरण आहे. गाव, कारखाना आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. जिल्हा पातळीवरचे नवखे वैद्यकीय अधिकारी, पर्यावरणशास्त्राचे विद्यार्थी आणि अशीच तक्रार घेऊन उभे राहिलेले गावकरी यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

दहा हजारांच्या आसपास वस्तीचं बागायती गाव. चहूबाजूंनी ऊस, एका अंगाला साखर कारखाना, नदीकडेला वीटभट्ट्या. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कारखान्याचं बॉयलर अग्निप्रदीपन होतं, मोळी टाकली जाते, म्हणजे उसाचं गाळप सुरू होतं, आणि मार्च-एप्रिलपर्यंत धुराडं चालू राहतं. या काळात कारखान्यालगतच्या वस्तीत काळी राख पडते. वाळत घातलेल्या धुण्यावर, गच्चीवरच्या पापडांवर, पाण्याच्या टाकीत सगळीकडे तिचे कण सापडतात. बॉयलरमध्ये जळणाऱ्या बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, ही राख. ती उडायची तशी दरवर्षीच उडायची, पण एका हंगामात वस्तीतल्या दोन धडधाकट माणसांना काही आठवड्यांच्या अंतरानं दम लागून दवाखान्यात हलवावं लागलं आणि त्यातला एक जण गेला. मग ग्रामसभेत ठराव झाला: राखेचा आरोग्यावर काय परिणाम होतो याची शासकीय तपासणी व्हावी.

ठराव प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे आला. त्यांनी जनआरोग्य शिकवणाऱ्या आम्हा दोघा-तिघांना आणि एका महाविद्यालयाच्या पर्यावरण विभागाला बोलावलं. निधी नावापुरता होता. मुदत एका हंगामाची.

हवेची आधीची आकडेवारी या गावासाठी नव्हतीच. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात सांगली शहर आहे, त्यामुळे शहरात मोजणी होते. पण बहुतेक जुनी केंद्रं हातानं चालवायची: आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला १०४ नोंदी. शहरातल्या केंद्राचा आकडा उचलून वीस-तीस किलोमीटरवरच्या उसाच्या पट्ट्याला लावायचा, तर तो अंदाजही ठरत नाही.

प्रश्न

पहिल्याच बैठकीत एका आप्पांनी विषय एका वाक्यात आणला. "डॉक्टर, राखेनं माणसं मेली का न्हाई, तेवढं सांगा की. बाकीचं ऱ्हाऊ द्या."

आप्पांच्या प्रश्नात काही चूक नव्हती. तेवढ्या गावात त्याचं उत्तर मिळत नाही, ही अडचण होती. का मिळत नाही हे सांगण्यात आमची अर्धी ताकद गेली, म्हणून ते इथे सविस्तर.

दहा हजार वस्तीत वर्षाला साधारण साठ मृत्यू होतात, असं धरू. हवा जशीच्या तशी राहिली, काहीही बदललं नाही, तरी केवळ योगायोगानं एका वर्षी पंचेचाळीस आणि दुसऱ्या वर्षी पंचाहत्तर मृत्यू होऊ शकतात. आता जगभरच्या मोठ्या अभ्यासांचं एकत्रित उत्तर घ्या: पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. त्यांची वार्षिक सरासरी घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमनं वाढली तर नैसर्गिक कारणांनी होणाऱ्या मृत्यूंचा धोका सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो. उलट बाजूनं, हवा तेवढी सुधारली तर साठातले चारएक मृत्यू टळतील. एका गावाला चार माणसं थोडी नव्हेत. पण वर-खाली पंधरांचा हेलकावा असलेल्या आकड्यात चारांचा फरक डोळ्याला दिसणार कसा? नुसत्या मोजणीतून तो उठून यायला एक तप उलटावं लागेल, तेही मधल्या काळात बाकी काहीच बदललं नाही तर.

त्यात मृत्यूची नोंद जिथे मृत्यू होतो तिथे होते. या पट्ट्यातला गंभीर रुग्ण कराडला नाहीतर मिरजेला जातो. तो तिथे गेला तर नोंद तिथली. ग्रामपंचायतीच्या वहीत जे उरतात त्यांच्यापुढे कारण म्हणून बहुतेक वेळा 'वृद्धापकाळ' किंवा 'हृदयविकार' लिहिलेलं असतं.

आणखी एक गोष्ट गावाच्या हिशेबातच नव्हती. सगळं बोलणं खोकला आणि दम्यावर चाललं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली बाहेरच्या हवेच्या प्रदूषणामुळे जगात सुमारे ४२ लाख अकाली मृत्यू झाले आणि त्यातले दोन तृतीयांश हृदयरोग आणि पक्षाघाताचे होते. म्हणजे धुरामुळे गेलेला माणूस खोकत गेला असेलच असं नाही. तो पहाटे छातीत कळ येऊन गेलेला असू शकतो, आणि त्याचं नाव धुराशी कुणी जोडत नाही.

तेव्हा प्रश्न बदलून घ्यावा लागला. 'राखेनं किती मेले' हा बाजूला ठेवून तीन प्रश्न लिहिले: गावातली माणसं किती आणि कुठला धूर श्वासात घेतात, तो कुठल्या तासांना, कुठल्या महिन्यांत वाढतो, आणि त्या काळात आधीच दमा असलेल्यांचं काय होतं. ग्रामसभेनं नाराजीनंच होकार दिला. हा बदल आधी पटवून मगच यंत्रं लावायची, या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या आग्रहामुळे पुढचं बरंच निभावलं, असं माझं मत.

समोर असलेले मार्ग

पहिला मार्ग आरोग्य शिबिराचा. वस्तीतल्या सगळ्यांना तपासायचं, खोकला किती, धाप किती, मोजायचं. गावाला आणि पुढाऱ्यांना हाच हवा होता. पण राखेची तक्रार करणाऱ्या माणसाला राखेच्या हंगामात 'खोकला आहे का' विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. शिबिर औषधोपचारासाठी घ्या, पुराव्यासाठी नको, असं ठरलं.

दुसरा मार्ग शेजारच्या, कारखाना नसलेल्या गावाशी तुलना. कागदावर चांगला वाटतो, पण या पट्ट्यात कारखाना नसलेलं गाव म्हणजे ऊस नसलेलं गाव नव्हे. पाचट, म्हणजे तोडणीनंतर रानात उरलेली उसाची वाळकी पानं, तिथेही जळतं, वीटभट्टी तिथेही असते.

तिसरा, आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण वहीतून हंगामाआधीच्या आणि हंगामातल्या श्वसनविकारांची तुलना. इथे मोठा खड्डा आहे. गळीत हंगाम आणि थंडी बरोबरच येतात. सर्दी-फ्लूची लाटही त्याच सुमाराला. म्हणून कारखाना सुरू झाल्यावर रुग्ण वाढले, हे वाक्य खरं असूनही काही सिद्ध करत नाही.

यावर तोड निघाली ती साखर धंद्यातूनच. हंगाम कधी सुरू करायचा ते राज्य पातळीवर ठरतं आणि तारीख सरकत राहते. २०२२-२३ ला १५ ऑक्टोबर, २०२३-२४ ला १ नोव्हेंबर, २०२४-२५ ला १५ नोव्हेंबर. थंडी मात्र तिच्या वेळेलाच येते. म्हणजे प्रत्येक वर्षाची वही, या कारखान्यात प्रत्यक्ष मोळी पडली त्या दिवसाशी जुळवून एकावर एक ठेवली, तर रुग्णांची चढण कारखान्याबरोबर सरकते की थंडीबरोबर जागीच राहते, हे दिसू शकतं. फुकटात हाती आलेला प्रयोग होता. कोविडची दोन वर्षं अर्थातच वगळावी लागली.

चौथा मार्ग, दमा असलेल्या थोड्या लोकांचा गट करून त्यांना पीक फ्लो मीटर द्यायचं. साधी नळी असते. दीर्घ श्वास घेऊन जोरात फुंकायचं आणि काटा कुठे थांबला ते सकाळ-संध्याकाळ लिहायचं. यात प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते, त्यामुळे वय, बिडी, घरातली चूल यांचा घोळ बराच कमी होतो.

पाचवा, गणिताचा. मोजलेली हवा आणि जगभरच्या अभ्यासातला धोका घेऊन, जागतिक आरोग्य संघटनेच्या 'एअरक्यू प्लस' या मोफत संगणक प्रणालीतून रोगभार, म्हणजे त्या हवेमुळे किती आजार आणि मृत्यू होतात ते, काढायचा.

शेवटी तिसरा आणि चौथा पूर्णपणे, पाचवा मर्यादित, आणि या सगळ्याच्या तळाशी हवेची मोजणी, असं ठरलं.

काय केलं

स्वस्तातले प्रकाशीय सेन्सर चार ठिकाणी बसवले: कारखान्यालगतच्या वस्तीत, गावठाणात, शाळेवर, आणि हिवाळी वारा येतो त्या पूर्वेच्या अंगाला शेताच्या कडेवर. या सेन्सरचा एक दोष नदीकाठी फार छळतो. हवेत दमटपणा वाढला की ते पाण्याच्या थेंबालाच कण समजतात. कृष्णाकाठच्या धुक्यात पहाटेचे आकडे भलतेच वर जायचे. महाविद्यालयाकडे हवा गाळणकागदातून ओढून कण वजनानं मोजणारं जुनं यंत्र होतं. त्याच्या शेजारी चारही सेन्सर काही दिवस ठेवून दुरुस्ती काढली आणि दाट धुक्याचे तास हिशेबातून बाजूला ठेवले. हे करण्याआधीच एका सेन्सरचा पहाटेचा आकडा गावातल्या मोबाइल ग्रुपवर फिरला होता. दोन दिवस शाळेत मुलं कमी आली.

राखेसाठी यंत्र लागलंच नाही. ग्रीस लावलेल्या पांढऱ्या फरशा गच्च्यांवर ठेवल्या आणि विद्यार्थ्यांनी दर आठ तासांनी त्यांचे फोटो काढले. पाचट कुठल्या शिवारात कधी पेटलं याची नोंद कोतवाल आणि दोन पोरांनी ठेवली.

बाह्यरुग्ण वही चाळताना एक गोष्ट वेळेवर लक्षात आली, ती आरोग्यसेविकेमुळे. हंगामात रुग्ण वाढतात हे खरं, पण गावात माणसंही वाढतात. बीड, धाराशिवकडून आलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, टाकून राहतात, त्यांचे रुग्ण याच केंद्रात येतात. वहीत पत्त्याचा रकाना अर्धवट भरलेला. सेविकेनं ओळखीवरून जेवढे जमले तेवढे वेगळे काढून दिले. हे झालं नसतं तर वाढीव लोकसंख्येलाच आम्ही रोगाची वाढ म्हणून बसलो असतो.

आशाताईंनी दमेकऱ्यांचा गट उभा केला आणि रोज वह्या तपासल्या. या कामाचं खरं मोल मोजलं जात नाही.

काय निघालं

राखेचं उत्तर सरळ होतं. फरशांवरचे काळे ठिपके वस्तीत दाट आणि अंतराबरोबर झपाट्यानं विरळ. शिवाय ते दिवसभर सारखे पडत नव्हते. ठरावीक वेळेला ढीगभर पडत. कारखान्यातल्याच एका जाणकारानं कारण सांगितलं: बॉयलरच्या नळ्यांवर बसलेली काजळी वाफेच्या झोतानं झाडतात, त्याला सूट ब्लोइंग म्हणतात. त्या वेळी धूर धुणारा स्क्रबर नीट चालत नसेल तर सगळं बाहेर. म्हणजे वस्तीची तक्रार शंभर टक्के खरी होती.

पीएम २.५ ची गोष्ट मात्र वेगळी निघाली, आणि प्रकरणाचा गाभा इथे आहे. जी राख धुण्यावर दिसते ती जाड असते म्हणूनच खाली पडते. नाका-घशाला, डोळ्यांना ती त्रास देते, पण फुप्फुसाच्या तळाशी आणि तिथून रक्तात पोचतात ते डोळ्याला न दिसणारे कण. ते कण चारही सेन्सरवर एकाच वेळी वाढत होते, वाऱ्याच्या वरच्या अंगाच्या शेतातल्या सेन्सरवरसुद्धा. वेळ दिवेलागणीपासून मध्यरात्रीपर्यंत आणि पुन्हा ऊन वर येईपर्यंत. हिवाळ्यात नदीखोऱ्यातली गार हवा जमिनीलगत दबून राहते आणि दिवसभराचा धूर तिच्यात अडकतो. महिन्यांचा विचार केला तर सगळ्यांत वाईट काळ कारखाना सुरू होण्याचा नव्हता. तोडणी भरात असतानाचा, जानेवारी ते मार्च हा होता. नोंदवहीशी ताडून पाहिलं तेव्हा वर गेलेल्या बहुतेक रात्री पाचट पेटल्याच्या रात्री होत्या. कारखान्याचा वाटा नव्हता असं नाही. स्रोतांचे नेमके टक्के काढायला गाळणकागदावरच्या कणांचं रासायनिक पृथक्करण लागतं, ते परवडणारं नव्हतं.

बाह्यरुग्ण वहीतली पहिली चढण दरवर्षी थंडीबरोबरच आली. मोळी पडण्याची तारीख सरकली तरी ती सरकली नाही. फेब्रुवारीतला दुसरा, लहान उंचवटा थंडीनं समजावता येईना. पीक फ्लोच्या वह्यांत, पाचट पेटल्याच्या दुसऱ्या सकाळी, नियमित इन्हेलर न घेणाऱ्यांची फुंकर कमी भरत होती. गट लहान होता. दिशा सांगता येते, प्रमाण नाही, असं अहवालात स्पष्ट लिहिलं.

सगळ्यांत अवघड निर्णय: आकडा सांगायचा का

एअरक्यू प्लसमध्ये हवेचा आकडा घालताना एक रकाना भरावाच लागतो: तुलना कुठल्या पातळीशी? पीएम २.५ साठी भारताचं २००९ चं वार्षिक मानक ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस ५. मानकाशी तुलना केली तर ४० च्या आतल्या हवेचा रोगभार शून्य येतो. शिफारशीशी केली तर तीच हवा वर्षाला कित्येक माणसं नेते असं दिसतं. कारखान्याच्या बाजूनं आलेल्या सल्लागारांचा ४० साठी आग्रह होता आणि कायद्याच्या भाषेत त्यांचं चूकही नव्हतं. पण मानक हा राज्यकारभाराचा आकडा आहे. ३९ च्या हवेत हृदयाला काही होत नाही असं कुठलाच अभ्यास सांगत नाही. अहवालात दोन्ही पातळ्या लिहून, १० मायक्रोग्रॅमनं हवा सुधारली तर काय, हे तिसरं उत्तर ठळक दिलं. माझ्या मते तेच सर्वांत कामाचं, कारण त्यावर कृती ठरवता येते.

दुसरा वाद गावाचा आकडा जाहीर करण्याचा. 'वर्षाला चार' हा आकडा ग्रामसभेत उच्चारला की बाहेर पडेपर्यंत त्याचं 'कारखान्यानं चार मारले' होणार, आणि मग ते चार कोण, हे शोधणं सुरू होणार. असा आकडा लोकसंख्येचा असतो. कुठल्या घरातला कोण, हे तो सांगू शकत नाही. गटातल्या तरुण डॉक्टर मॅडमचं म्हणणं उलट होतं: आकडा दडवला तर गाव म्हणेल, कारखान्यानं विकत घेतले. शेवटी आकडा तालुक्याच्या पातळीवर, मर्यादांसह दिला आणि गावासाठी फक्त महिने, तास आणि जागा सांगितल्या. मला आजही वाटतं, मॅडमचं म्हणणं थोडं जास्त ऐकायला हरकत नव्हती. गणित फळ्यावर मांडून, हेलकावा दाखवून आकडा सांगता आला असता. आप्पांसारखी माणसं दुधाच्या फॅटचा आणि उसाच्या उताऱ्याचा हिशेब तोंडपाठ ठेवतात, त्यांना शक्यता कळत नाही हे आपलंच गृहीतक.

पुढे काय झालं

कारखान्यानं स्क्रबर दुरुस्त केला, सूट ब्लोइंगच्या वेळा बदलल्या, राखेचे ढीग भिजवून ठेवायला सुरुवात केली. पुढच्या हंगामात फरशांवरची राख डोळ्याला दिसण्याइतकी कमी झाली. तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे फरशांच्या फोटोंसह आणि वेळांसह गेली होती, त्याचा उपयोग झाला. 'राख पडते' या अर्जापेक्षा 'अमुक वेळेला पडते' हा अर्ज फेटाळायला कठीण जातो.

पाचटाचं गाडं रुतलं. अहवालात आपलंच नाव आल्यावर काही जण भडकले. त्यांच्या अडचणी खोट्या नव्हत्या: पाचट ठेवलं तर सरीतून पाणी पुढे सरकत नाही, उंदीर होतात, खोडव्याच्या मशागतीला मजूर मिळत नाही. फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रासारख्या ठिकाणांहून वर्षानुवर्षं सांगितलं जातंय की हेक्टरी आठ-दहा टन निघणारं पाचट युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकून रानातच कुजवा. ठिबक असलेल्यांनी ते केलं, पाटपाण्यावरच्यांपैकी थोड्यांनी एकाआड एक सरीत पाचट ओढून पाहिलं. बाकीच्यांनी पेटवलंच, फक्त रात्रीऐवजी दुपारी, हवा मोकळी असताना. आरोग्याच्या दृष्टीनं हाही फरक छोटा नाही, पण अहवालात 'दुपारी जाळा' असं लिहायला कुणी तयार नव्हतं.

सर्वांत लवकर फायदा झाला तो दमेकऱ्यांना. गटातले बरेच जण गोळ्या आणि सुईवर होते. "पंपाची सवय लागती म्हणं," हे वाक्य आशाताईंनी घरोघर ऐकलं. नळीतले स्वतःचेच आकडे इन्हेलरनंतर चढलेले पाहिल्यावर काहींनी तो धरला. शाळेनं कवायत सकाळच्या पहिल्या तासावरून हलवली.

पुन्हा करायचं झालं तर

सेन्सर गणपतीच्या सुमाराला लागायला हवेत, पाऊस सरता सरता. इथे ते हंगामाच्या तोंडावर लागले, त्यामुळे तळाची पातळी धड मिळालीच नाही. कच्चे आकडे दुरुस्तीआधी बाहेर जाणार नाहीत याची जबाबदारी एकाच व्यक्तीवर हवी. हृदयविकार आणि पक्षाघाताचे रुग्ण कराड-मिरजेच्या दवाखान्यांतून, पत्त्यासह मिळवण्याची परवानगी आधीच मागायला हवी. तिला वेळ लागतो.

आणि कोप्या. पाचवा सेन्सर ऊसतोड कामगारांच्या तळावर लावायचा विचार झाला होता, विजेची सोय नाही म्हणून तो राहिला. तोडणीच्या फडात पेटलेल्या उसाचा धूर, रस्त्यावर ट्रॅक्टरचा, तळावर तीन दगडांच्या चुलीचा, आणि हे सगळं त्याच सहा महिन्यांत. गावात सर्वांत जास्त धूर बहुधा त्यांच्याच वाट्याला येतो. पण ठराव ग्रामसभेचा होता आणि टोळीतल्या कुणाचं नाव गावच्या मतदारयादीत नाही. पुढच्या हंगामासाठी बॅटरीवर चालणारा सेन्सर मागवला आहे आणि आरोग्य केंद्राच्या वहीत 'मूळ गाव' असा नवा रकाना हातानं आखून घेतला आहे.